मोडतोडीचा हक्क

प्राथमिक शाळेत गटाने प्रयोग करायचा असला की वही मुलीच्या हातात जाते. सेल, वायर, भिंग, चुंबक मुलांकडे आणि निरीक्षणांचा तक्ता मुलीकडे. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. ‘तुझं अक्षर छान आहे ना, मग तू लिही,’ असं बाई म्हणतात आणि मुलीलाही त्यात आपलं कौतुकच वाटतं. तास संपतो तेव्हा तिच्या वहीत समास सोडून, ओळीत लिहिलेला निष्कर्ष असतो. दिवा मात्र दुसऱ्याच कुणी पेटवलेला असतो. चौथी होईतो असे कितीतरी तास जातात. पुढे आठवी-नववीत कुणीतरी विचारतं, मुलींना यंत्रांची आवड कशी काय नसते? मग आपण निसर्ग, मेंदू, हार्मोन असं काहीबाही बोलू लागतो. त्या तक्त्याची आठवण कुणालाच होत नाही.

मुलींनी शिकावं का, हा वाद महाराष्ट्रात जिंकून झाला. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात शाळा काढली. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि फळ आपण खातो आहोत. मुलींनी काय शिकावं, हा त्याच्या मागोमागचा वाद मात्र अर्धाच सुटला. 1884 मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, त्यालाच आपण हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलांसारखा अभ्यासक्रम कशाला, घरसंसाराला लागेल ते शिकवा, असा पक्ष टिळकांनी घेतला. आगरकरांचं म्हणणं नेमकं उलट होतं: मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या. धोंडो केशव कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, तेही केवढं मोठं काम. पण त्याच्याही अभ्यासक्रमात गृहव्यवस्थेला खास जागा ठेवावी लागली. आज तिसरीतल्या मुलाला आणि मुलीला गणिताचं एकच पुस्तक मिळतं. म्हणजे पुस्तकात आगरकर जिंकले. वर्गातल्या हातांवर अजून टिळकांचाच पक्ष राज्य करतो आहे.

पुस्तकं तर आणखी पुढे गेली. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, त्याची बातमी झाली, कौतुकही झालं. ते योग्यच होतं. पण बाबांच्या हातात भाजी देणारं चित्र आपण काढलं, आईच्या हातात पक्कड देणारं चित्र काढायला अजून आपला हात अडखळतो.

मुलगी लहान आहे, मोठी झाली की बघू, असं म्हणणाऱ्यांनी एक अभ्यास ध्यानात घ्यावा. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून तो माणूस चित्रांतून ओळखायला लावलं, तेव्हा पाच वर्षांच्या मुली बाईकडे बोट दाखवत आणि मुलगे पुरुषाकडे. जो तो आपल्या बाजूचा. सहा-सात वर्षांच्या मुलींचं बोट मात्र बाईवरून हलू लागलं. आणि ‘हा खेळ अतिशय हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं की त्याच वयाच्या मुली त्या खेळातून अंग काढून घेऊ लागल्या. सहावं वर्ष! आपल्याकडे तेव्हा मुलगी पहिलीत असते, काना-मात्रा गिरवत असते. शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगण्याचे अभ्यासही तेच सांगतात. 1983 मध्ये डेव्हिड चेंबर्स यांनी 4807 मुलांनी काढलेली चित्रं प्रसिद्ध केली. त्यांत बाई शास्त्रज्ञ फक्त 28 होत्या आणि त्या सगळ्या मुलींनीच काढल्या होत्या. त्यानंतर अमेरिकेत चित्र पुष्कळ सुधारलं. पण पाच दशकांच्या चित्रांचा एकत्र हिशेब 2018 मध्ये मांडला गेला, तेव्हा असं दिसलं की सहा वर्षांच्या मुली बहुतेक वेळा बाई शास्त्रज्ञ काढतात आणि सोळा वर्षांच्या मुली बहुतेक वेळा पुरुष. मधल्या दहा वर्षांत त्या कुठे होत्या? शाळेत होत्या.

हे अमेरिकेतलं झालं, आपलं वेगळं असेल, असं म्हणायची सोय आहे. पण आपल्या घरात डोकावून बघा. मुलाने टीव्हीचा रिमोट खोलून ठेवला की आई ओरडते खरी, पण संध्याकाळी पाहुण्यांना तीच सांगते, ‘याला ना सगळं उघडून बघायचं असतं, इंजिनिअर होणार बहुतेक.’ मुलीने तेच केलं तर ‘कशाला नसत्या उचापती?’ एवढंच ऐकू येतं आणि पाहुण्यांना ती गोष्ट कुणी सांगत नाही. मुलाची मोडतोड जिज्ञासेच्या खात्यात जमा होते, मुलीची धांदरटपणाच्या. तिचं कौतुक होतं ते वस्तू जागच्या जागी ठेवण्याबद्दल, कपडे न मळवण्याबद्दल, धाकट्या भावाला सांभाळण्याबद्दल. ‘आमची मुलगी फार समजूतदार आहे हो’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सात वर्षांच्या मुलीने समजूतदार का असावं? 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकामात हात असलेल्या बायका त्यात दिवसाची 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97, असं आढळलं. या आकड्यांची तयारी पहिली-दुसरीतच सुरू होते.

तंत्रज्ञानाचा पाया मोडतोडीत असतो. वस्तू उघडायची, आत बघायचं, एक भाग काढून काय होतं ते तपासायचं, पुन्हा बसवायचं, बसत नाही म्हणून चिडायचं, परत उघडायचं. हे ज्याला वयाच्या सातव्या वर्षी करू दिलं जातं, त्याच्या मनात यंत्राची भीती उरत नाही. ज्याला करू दिलं जात नाही, त्याला पुढे कितीही सूत्रं पाठ करायला लावली तरी यंत्रासमोर हात मागेच राहतो.

एक साधा प्रयोग बघू. टेबलावर पेन्सिल सेल, दोन-तीन वायरी आणि एक पांढरा एलईडी. चौथीतली मुलगी एलईडीचे दोन पाय सेलच्या दोन टोकांना लावते. पेटत नाही. साधारण अशा वेळी शेजारचा मुलगा म्हणतो, ‘दे इकडे, मी दाखवतो,’ आणि प्रयोग तिथेच संपतो. समजा बाईंनी त्याला थांबवलं. मुलगी एलईडी उलटा करून लावते. तरी नाही. ती सेल बदलून बघते, तोही नाही. मग तिला दिसतं की एलईडीचा एक पाय लांब आहे आणि एक आखूड. हा फरक कशासाठी, हा प्रश्न तिचा स्वतःचा आहे. पुस्तकातल्या स्वाध्यायातला नाही. लांब पाय धन टोकाला हवा, हे तिला पाकिटावरून कळतं. तरी दिवा लागत नाहीच, कारण एक सेल दीड व्होल्टचा आणि पांढऱ्या एलईडीला तीनच्या आसपास लागतात. आता ती दुसरा सेल पहिल्याच्या मागे लावते, एकाचं धन दुसऱ्याच्या ऋणाला. दिवा लागतो. यात पंधरा-वीस मिनिटं गेली. एखादी उत्साही मुलगी पुढे जाऊन नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावेल आणि एलईडी जाळेल. जाळू दे. दोन-तीन रुपयांची वस्तू आहे. जळलेला एलईडी तिला रोधक कशाला हवा ते शिकवून जाईल. इतक्या स्वस्तात इतकं पक्कं शिकवणारी शिकवणी मला तरी माहीत नाही.

आणि या प्रयोगात पडदा कुठेही आला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याकडे लगेच टॅब, प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही डोळ्यासमोर येतात. गेल्या दहा वर्षांत लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा डिजिटल झाल्या. त्या गावकऱ्यांचं आणि शिक्षकांचं मोल मी कमी करत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, राज्याने तो उचलला, आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. खेड्यातल्या शाळेतून काय होऊ शकतं ते जगाने पाहिलं. पण प्रोजेक्टरसमोर हाताची घडी घालून बसलेली मुलगी ही फळ्यासमोर हाताची घडी घालून बसलेल्या मुलीपेक्षा फार वेगळी नसते. बघणं वेगळं आणि बनवणं वेगळं. एमआयटीच्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने 2007 मध्ये ‘स्क्रॅच’ ही लहान मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, तीत रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मूल स्वतःची गोष्ट, स्वतःचा खेळ तयार करतं. तिथे संगणक मुलाचं ऐकतो, मूल संगणकाचं नाही. शाळेत संगणक असेल तर तो असा वापरावा. आणि पडद्यावरचं मांजर पळत नाही, भिंतीवर आपटतंय, हे मुलीने स्वतः दुरुस्त करावं. माउस कुणाकडे आहे, एवढं मात्र बघत राहावं लागतं. दोघांत एक संगणक असला की दहा मिनिटांत माउस कुणाकडे गेलेला असतो, ते कोणत्याही शिक्षकाला विचारा.

कमला सोहोनी यांची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. 1933 मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला, 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. रामन यांच्यासमोर उभं राहण्याची त्यांची हिंमत थोरच. पण त्या गोष्टीतला एक धागा आपण सांगायचा विसरतो. त्या आणि दुर्गा भागवत सख्ख्या बहिणी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. म्हणजे त्या मुलीच्या घरात रसायनशास्त्राची ये-जा होती. परीक्षानळी हे तिच्यासाठी परक्या घरचं भांडं नव्हतं. ज्या मुलीच्या घरात कुणीही प्रयोगशाळा पाहिलेली नाही, बाप ऊसतोडीला आणि आई त्याच्यामागे, तिने जिद्द कुठून आणायची? तिच्यासाठी ते घर शाळेलाच व्हावं लागेल, आणि लवकर व्हावं लागेल.

सरकारने काही केलं नाही असं नाही. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्सचे संच, सगळं. 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. चांगलं आहे. पण या लॅबचं दार सहावीला उघडतं. आपल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून, डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या दृष्टीतून, ग्रामीण मुलामुलींच्या हातात वेल्डिंगपासून शेतीपर्यंतची कामं दिली, पण शाळांसाठीचा त्यांचा अभ्यासक्रमही आठवी ते दहावीचा. आयआयटीत मुली दहा टक्केही नव्हत्या म्हणून 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या आणि प्रमाण वीस टक्क्यांवर नेलं. ते तर बारावीनंतरचं. जो तो आपल्या जागी बरोबर आहे. फक्त पहिलीच्या वर्गात कुणीच उभं नाही, आणि सगळं बिघडतं ते तिथेच.

आक्षेप येतील, यायलाच हवेत. पहिला आक्षेप शिक्षकांचा: मुलांना आधी धड वाचता तर येऊ द्या, मग वायरी जोडा. वाचनाची चिंता खरी आहे. पण एलईडीच्या पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय काम होत नाही असं जेव्हा मुलीला कळतं, तेव्हा वाचनाला पहिल्यांदा काहीतरी कारण सापडतं. मोजपट्टीने पुठ्ठा मापल्याशिवाय गाडीचं चाक बसत नाही, तेव्हा दशांश हे भूत राहत नाही. दुसरा आक्षेप पालकांचा, विजेचा, शॉक बसेल. दोन पेन्सिल सेलमध्ये शॉक नसतो. घरातल्या बोर्डाला हात लावायचा नाही हा नियम मुलाला आणि मुलीला सारखाच. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खेड्यातल्या मुलांनाही कुठे काय मिळतं, मग फक्त मुलींचं का बोलता? खरं आहे, मुलालाही काही मिळत नाही. पण जे काही मिळतं ते आधी त्याच्या हातात जातं. ‘असर’च्या 2023 च्या अहवालात 14 ते 18 वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. घर तेच, गरिबी तीच.

चौथी गोष्ट आक्षेप नाही, धंदा आहे. लॉकडाउनच्या काळात सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवून करोडपती करण्याच्या जाहिराती आपण बघितल्या. मी म्हणतो ते हे नव्हे. सातव्या वर्षी नोकरीची तयारी करायची नसते. आणि मुलींसाठी म्हणून गुलाबी डब्यात घातलेले रोबोटिक्सचे किट हेही मला पटत नाही. रंग बदलून अधिकार येत नाही.

आता करायचं काय? वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळी परीक्षा यातलं काहीही नको. आपल्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास आहेच. त्या तासाला बहुतेक शाळांत कागदाची फुलं, पाकिटं आणि तोरणं होतात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात श्रेणी भरली जाते. हा तास ताब्यात घ्यावा. साहित्यासाठीही फार लांब जायला नको. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे यांतून त्यांनी एक अख्खं बांधकामाचं खेळणं उभं केलं. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात ते तिसरीच्या मुलीला पाच मिनिटांत कळतं. पुढे पुण्याच्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातून त्यांनी अशी शेकडो खेळणी सगळ्यांसाठी मोकळी केली. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, शिंपले, मातीतून शिक्षणाची साधनं घडवली. स्वस्तातलं शिक्षण हे आपल्याकडे नवं नाही. ते प्राथमिक शाळेत मुलींच्या हातापर्यंत पोचवायचं राहिलं.

वर्गात नियम एकच ठेवावा: हत्यार फिरतं आणि वहीही फिरते. आज ज्याने लिहिलं तो उद्या जोडणार. कुणाच्या हातातली वस्तू काढून घेऊन ‘मी दाखवतो’ म्हणायचं नाही; सांगायचं असेल तर तोंडाने सांगायचं.

मात्र याची सुरुवात मुलींपासून करता येणार नाही, बाईंपासून करावी लागेल. शिकागो विद्यापीठाच्या सायन बेलॉक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पहिली-दुसरीच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस गणितात मागे पडल्या. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. शिक्षिकेने ‘मला नाही बाई हे जमत’ असं एकदा म्हटलं की वर्गातल्या मुलींनी ते ऐकलेलं असतं. यात शिक्षिकेला दोष देऊन कसं चालेल? तिच्याही लहानपणी वही तिच्याचकडे होती. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवण्यात तास जातात. त्यातला एक तास टेबलावर बंद पडलेला टॉर्च, पेचकस आणि पक्कड ठेवून घालवावा, आणि तो टॉर्च शिक्षिकांनीच उघडावा. शेजारचे गुरुजी मदतीला सरसावतील. त्यांना त्या दिवशी चहाची व्यवस्था बघायला सांगावी.

समाजाच्या बाजूनेही थोडं हलायला हवं. तीन जानेवारीला आपण बालिका दिन साजरा करतो, चिमुकल्या मुलींना नऊवारी नेसवून सावित्रीबाई करतो आणि त्यांच्याकडून पाठ केलेलं भाषण म्हणवून घेतो. त्या दिवशी मुलींना भाषणाऐवजी सोल्डरिंग नको, निदान बिघडलेलं भिंतीवरचं घड्याळ तरी द्यावं. पुढच्याच पंधरवड्यात संक्रांत येते. हळदी-कुंकवाला सवाष्णीलाच बोलवायचं की नाही, हा वाद आहेच आणि तो व्हायलाच हवा. पण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चमचे लुटण्यापेक्षा एखादीने पेचकस लुटून बघावा. आठ-दहा दिवस गल्लीत त्याचीच चर्चा होईल, आणि निम्म्या घरांत तो पेचकस मुलीच्या हातात जाईल.

एक अडचण मात्र शिक्षकाच्या किंवा आईच्या हातातली नाही. शाळेला सादिल अनुदानातून किंवा देणगीतून हत्यारांची पेटी मिळाली की तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते. तिथे एकदा नोंद झाली की प्रत्येक पेचकसाचं, प्रत्येक सेलहोल्डरचं उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. वस्तू हरवली, मोडली, तर निर्लेखनाचे प्रस्ताव, सह्या, तपासणीत शेरे. म्हणून शहाणा मुख्याध्यापक पेटी कपाटात ठेवतो, कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात. कोऱ्या पाकिटातल्या भिंगांनी भरलेली अशी कपाटं महाराष्ट्रात किती शाळांत असतील! शिक्षण विभागाने एक छोटं परिपत्रक काढावं. प्राथमिक वर्गांची हत्यारं आणि विजेचं साहित्य डेडस्टॉकला चढवू नये, खडूसारखं वापरून संपणारं साहित्य म्हणून त्याची नोंद व्हावी. मोडलेलं साहित्य मुख्याध्यापकांच्या एका सहीने वजा व्हावं. आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पेटीतल्या वस्तू मोजण्याऐवजी किती मोडल्या ते विचारावं, आणि एकही मोडली नसेल तर त्याचा खुलासा मागवावा.